रिकामा डबा परत द्यायचा नसतो

प्रिय सुमे,

तिकडच्या गुरुद्वारात लंगरला जेवलीस, ते वाचून फार बरं वाटलं. आता इकडचं ऐक.

बुद्धपौर्णिमेला शेजारच्या ताईंचं महिला मंडळ पिंपरीहून कार्ल्याला निघालं होतं. "चल गं," म्हणाल्या, मी निघाले. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला, म्हणून दुपार कलली की कमानीतून ऊन आत उतरतं. स्तूपापुढे पांढऱ्या साड्यांच्या रांगेत बसून त्रिसरण-पंचशील म्हटलं. मला पाठ नव्हतं. ताई हळू म्हणत होत्या, मी त्यांच्या मागून. बाहेर, लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ. तिथे उरणचं एक कोळी कुटुंब नातवाचं जावळ काढायला आलेलं, ढोल सुरू. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

आमच्यातली पाली शिकणारी मुलगी खांबावरची अक्षरं वाचत होती. जावळवाल्यांतला एक पोरगा शेजारी येऊन थांबला. "काय लिवलंय?"

"खांब कुणी दिला, त्याचं नाव."

"म्हंजे देवळात देणगीच्या पाट्या असतात तसं!"

अगदी तसंच गं. धेनुकाकटाच्या यवनांनी, म्हणजे बहुधा मूळच्या ग्रीकांनी, इथे खांब दिलेत. दर्शनी दार सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, अत्तरं-सुगंध विकणाऱ्याचं. आणि राजा नहपानाचा जावई उषवदात! त्याच्या लेखात देवांना नि ब्राह्मणांना 16 गावं दिल्याचं आहे, वर्षाला लाखभर ब्राह्मणांना जेवू घातल्याचं आहे, आणि त्याच लेखात वलूरकाच्या लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक गावही दिलंय. वलूरक म्हणजे हेच कार्ले. कोरीव हत्ती, सागवानी फासळ्या, सगळं डोळे भरून पाहिलं. पण मला उषवदाताचं हे देणं जास्त भावलं. दोन्ही पंगतींची काळजी एकाच माणसाला होती.

पायऱ्या उतरता उतरता वळीव आला, टपोरा. कोळ्यांनी पायथ्याशी ताडपत्री बांधून चूल मांडली होती. आजींनी लांबूनच हाक मारली, "या गो बायांनो, भिजताव कशाला!" आम्ही वीसजणी आत शिरलो. चुलीवर मटण होतं, पण पौर्णिमा म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणी ते खाणार नव्हत्या. ताईंना ते सांगायला अवघड वाटत होतं. आजींनी मात्र ऐकताच दुसऱ्या टोपावरचं झाकण काढलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. आम्ही आणलेली खीर त्यांच्या पानांत गेली. बाळाच्या ताज्या तुळतुळीत डोक्याला चंदनाचा लेप, ओठाला खीर. ताईंच्या मांडीवरच झोपलं. ताईंनी पदर ओला असूनही त्याच्यावर धरून ठेवला होता.

एरवी वर्तमानपत्र उघडलं की जीव घाबरतो, तुलाही तिथे बातम्या कळत असतीलच. म्हणून हे तुला एवढं सविस्तर लिहितेय. त्या ताडपत्रीखाली कुणी कुणाला जात-धर्म विचारला नाही. कपड्यांवरून, नमस्कारावरून सगळ्यांना सगळं दिसतच होतं, तरी भाकरी फिरत राहिली.

निघताना आजींनी डबा भरून बिरडं दिलं. तो स्टीलचा डबा आता माझ्या ओट्यावर आहे. रिकामा कसा परत करायचा? पुढच्या रविवारी ताई आणि मी उरणला जाणार आहोत. पुरणपोळ्या नेऊ की तुझ्या आईसारखे तिळाचे लाडू, लगेच कळव.

तुझी,
मंदा