वाड्याची कचेरी

एखाद्या जुन्या वाड्याची कचेरी झाली, की आपल्याकडे लोक हळहळतात. जेथे समया तेवल्या तेथे आता दप्तरे धूळ खाणार, असे म्हणून उसासे टाकतात. मला अशा वेळी पणजीचा आदिलशहाचा वाडा आठवतो.

मांडवीच्या काठी, उन्हाळ्यात हवा खाण्यासाठी म्हणून, विजापूरच्या युसूफ आदिलशहाने १५०० च्या सुमारास तो बांधला. १५१० मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती गेला. १७५९ पासून त्यांच्या व्हाइसरॉयांचे बिऱ्हाड तेथे होते; १९१८ मध्ये ते काबोला हलले आणि मागे उरल्या कचेऱ्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि ९ जानेवारी १९६४ रोजी लोकांनी निवडून दिलेली विधानसभा त्याच वाड्यात प्रथम भरली. ज्या जिन्यावर एके काळी बादशाही पावले वाजली, तो जिना आता अर्ज घेऊन आलेला शेतकरी चढू लागला. वाड्याचे भाग्य उजळले ते तेव्हा, असे मी म्हणेन.

पुढे २००० मध्ये विधानसभा पर्वरीच्या नव्या इमारतीत गेली. वाडा उभा आहे. तेथे प्रदर्शनेही भरली. पण पाहायला येणारा एकदा येतो. ज्याचे काम अडलेले असते तो पुन्हा पुन्हा येतो. घराला ओळख असते ती या दुसऱ्याची.

आमच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. गुरांच्या जागी चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या आल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठा गेला म्हणून कुणी रडले नाही. मग वाड्यासाठीच आपण का रडतो? बहुधा आपले रडणे घरासाठी नसते, मालकीसाठी असते.

हे लिहिणे सोपे आहे. यंदा आमच्याच जुन्या घराला एका पतसंस्थेने मागणी घातली. देवघराच्या खोलीत तिजोरी बसणार, हे ऐकून मुंबईचे भाऊ गप्प झाले, मीही झालो. बोलली ती आई: "देव माझ्यावांगडा येतले. दार उघडां रवाक व्हयां."

मी होकार कळवला आहे. अट एकच घातली: पडवीतला बाक हलवायचा नाही. खोळंबलेल्या माणसांना बसायला तो लागेल.