साडेसात मीटर

पुण्यातील एका जुन्या व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका तरुण सनदी लेखापालाने जागा भाड्याने घेतली आणि हौसेने तिची नवी सजावट केली. तिला 'लीड' हे हरित प्रमाणपत्र मिळावे, ही त्याची इच्छा. दिवे, नळ, रंग सारे निकषांत बसले. अडले ते एका पाटीपाशी.

इमारतीत धूम्रपानबंदी हवी, प्रवेशद्वारे आणि उघडणाऱ्या खिडक्या यांपासून साडेसात मीटरच्या आतही ती हवी आणि प्रत्येक प्रवेशद्वारापासून तीन मीटरच्या आत तशी सूचना हवी, अशी अट होती. पण भाडेकरूचा हक्क त्याच्या उंबरठ्यापुरता. खालचे दार सोसायटीचे. अध्यक्षांनी स्वच्छ सांगितले, "प्रमाणपत्र तुमचे, मग पाटी आमच्या दारावर का?"

तरुणाने वाद घातला नाही. त्याने 2003 चा कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेले नियम त्यांच्यापुढे ठेवले. सार्वजनिक जागी, म्हणजे कार्यालयांतही, धूम्रपानास मनाई. दारावर, प्रत्येक मजल्यावर, जिन्यापाशी आणि लिफ्टपाशी किमान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरची पाटी. भाडेकरू जे मागत होता, त्यातले बरेचसे मालकाने कधीच करायला हवे होते. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि पाटी रंगवायला दिली.

तक्रार कोणाकडे करावी, त्या व्यक्तीचे नावही लावावे लागते. पाटी आली, तेव्हा तिच्यावर नाव होते रात्रपाळीच्या रखवालदाराचे! जबाबदारी खाली सरकविण्याची आपली रीत जुनीच. गंमत अशी, की त्या दारापाशी बिडी ओढणारे गृहस्थ तेच होते.

"काका, हे तुम्हाला विचारून लिहिले का?" तरुणाने विचारले.

"आम्हाला कोण विचारतो, शेठ? पण माझ्याविरुद्ध तक्रार माझ्याकडेच येणार असेल, तर बरेच आहे."

तरुण हसला खरा, परंतु रात्री त्याला ते टोचत राहिले. आलेल्या तक्रारीवर काही केले नाही, तर नियमाप्रमाणे जाब मालकाला वा व्यवस्थापकाला द्यावा लागतो. इथे मात्र बोट या म्हाताऱ्याकडे दाखविले गेले असते. प्रमाणपत्रासाठी पाटी पुरेशी होती. नाव बदलण्याचा आग्रह धरला, तर घरमालकाशी संबंध बिघडण्याचा धोका होता, आणि भाडेकराराच्या नूतनीकरणाला चारच महिने उरले होते. तरीही तो दुसऱ्यांदा अध्यक्षांकडे गेला. आठवड्याने पाटीवर अध्यक्षांचे नाव आले.

मग एका संध्याकाळी त्याने आणि काकांनी मिळून टेप धरली. साडेसात मीटर संपले, ते आवारातील कडुनिंबाच्या अलीकडे दोन पावलांवर. काकांनी आपले स्टूल उचलून झाडाखाली नेले आणि म्हणाले, "पावसाळ्यात अवघड आहे."

पहिला पाऊस आला, त्या रात्री काका छत्री धरून कडुनिंबाखाली उभे होते. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती.