अग्निवीराने डॉक्टर व्हायचं, तर कधीपासून?

संपादकांचा आग्रह असा की, अग्निवीर म्हणून चार वर्षं काढून परतणाऱ्या मुलांनी डॉक्टर व्हायचं मनात आणलं तर काय करावं, हे सोप्या भाषेत लिहा. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत आयुष्य घातलेल्या माणसाला सोपी भाषा हीच अवघड. तरी प्रयत्न करतो. या विषयावर लोकांच्या मनात दोन पक्क्या समजुती असतात. एक, वय निघून गेलेलं असतं. दोन, फौजेतला मुलगा म्हणजे त्याला कोटा असणारच. दोन्ही चूक. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची कमाल वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मधल्या बैठकीत काढून टाकली आणि मार्च २०२२ मध्ये ते जाहीर केलं. आता तिशीतला माणूसही परीक्षेला बसू शकतो. कोट्याकडे पुढे येतो. माझं म्हणणं वेगळंच आहे: या मुलाची खरी अडचण तारखांची आणि कागदांची आहे, आणि ती सुटून आल्यावर नव्हे, युनिटमध्ये असतानाच सोडवावी लागते.

तारखा आधी घेऊ. लष्करातल्या पहिल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. नीट गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी होते. जानेवारीत ट्रंक घेऊन घरी आलेल्या मुलाच्या हातात चार महिने राहतात, आणि त्यातला एक गावातले सत्कार आणि नातेवाईक यांत जातो. एकशे ऐंशी मिनिटांत एकशे ऐंशी प्रश्न, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. समोर नुकतीच बारावी झालेली, दोन वर्षं दुसरं काही न केलेली मुलं. बसणारे वीस लाखांच्या वर, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. चार महिन्यांत हे जमेल असं सांगणारा क्लासवाला भेटला, तर त्याच्याकडे पाठ फिरवावी. मे २०२८ हीच या तुकडीची पहिली खरी संधी. २०२७ ची परीक्षा द्यायची ती फक्त हॉलमध्ये बसण्याची सवय व्हावी म्हणून.

आता कागद, आणि इथे मी लांबण लावणार, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. जनरल ड्यूटीला दहावीवर भरती होते. टेक्निकलला साधारणपणे बारावी लागते, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन. जीवशास्त्र नसलं तरी चालतं. नीटला मात्र नुसतं ‘बारावी पास’ पुरत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हवेत, आणि विज्ञानाच्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. पूर्वी हे विषय अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं नियमित शिकलेले असावेत असा दंडक होता, आणि १९९७ च्या नियमांखाली मुक्त विद्यालयातून आलेल्यांना तर दारातच अडवत. मुक्त विद्यालयांवरची ती बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवली. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने सूचना काढली की, बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेलाही पात्र. टेक्निकलच्या मुलासाठी या एका सूचनेने दार उघडलं, आणि ती त्याच्या कानावर कुणी घातलेलीच नसते. दहावीवर गेलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने बारावीची सोय जाहीर केली आहे. पण ते प्रमाणपत्र नोकरीला चाललं म्हणून नीटला चालेल असं नाही; त्यात विषय कोणते आणि प्रात्यक्षिकं झाली का, हे पाहूनच फॉर्म भरावा. यातही एक मेख आहे. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. पोस्टिंग राजस्थानात आहे म्हणून तिथलंच केंद्र घेऊन बारावी केली, तर प्रमाणपत्र हातात येईल आणि राज्यातल्या जागा हातच्या जातील. केंद्र आपल्या जिल्ह्यात घ्यावं आणि वर्षाची तीस दिवसांची रजा प्रात्यक्षिकं नि परीक्षेच्या तारखांशी जुळवून मागावी. रजेचा अर्ज हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात.

यावर आक्षेप येतो की, सीमेवर ड्यूटी करणाऱ्याने अभ्यास कधी करायचा? खरं आहे, पहाटे पीटी, दिवसभर फॉल-इन नि फटीग, संध्याकाळी गेम्स, मग रोलकॉल. उरतो जेवणानंतरचा तास, तोही रोज नाही. म्हणून सगळे विषय करा असं मी सांगतच नाही. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, आणि त्यातले बहुतेक प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळींवर बेतलेले. आकृतीखालचं बारीक टाइपातलं वाक्यसुद्धा सोडायचं नाही. हे बराकीतल्या खाटेवर, एका धड्याला आठवडा लावून होतं. भौतिकशास्त्राची गणितं मात्र तुकड्यातुकड्याने होत नाहीत, ती सुटल्यावरच्या वर्षासाठी ठेवावीत. एक जाता जाता: मागे हटायचं नाही असं शिकलेल्या मुलाला प्रश्न सोडून द्यायला शिकवणं फार जड जातं, आणि वजा गुणांत त्याचं तिथेच नुकसान होतं.

पैशाबद्दल थोडक्यात. अग्निवीरांची योजना जाहीर झाली तेव्हा सेवानिधी, म्हणजे चार वर्षांअखेर हातात येणारी रक्कम, साधारण ११.७१ लाख सांगितला गेला. खासगी महाविद्यालयात तो एक-दोन वर्षांच्या फीत संपतो; सरकारी महाविद्यालयात मात्र बराच पुरतो. म्हणजे तो फीसाठी नाहीच. घरच्यांकडे हात न पसरता वर्ष-दीड वर्ष नुसतं अभ्यासाला बसता यावं, यासाठी तो आहे. गाडी घ्यायची की वेळ, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि कोटा? राज्यातल्या संरक्षण कोट्याच्या जागा सैनिकांच्या मुलांसाठी आहेत, स्वतः सैनिकासाठी नव्हेत. शिवाय अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जाच दिलेला नाही.

मला खरं खटकतं ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचं. तिथे प्रवेश नीटवरूनच, पण प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची २४ पूर्ण झालेली चालत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये अठरा पूर्ण व्हायच्या आत गेलेला मुलगा २०२८ मध्ये जेमतेम बसतो. अठरा पूर्ण करून गेलेला बाद. ज्याने गणवेश घातला, बर्फात पहारा दिला, त्याला देशातलं कुठलंही नागरी महाविद्यालय घेईल, आणि फौजेचं स्वतःचं घेणार नाही. यावर उत्तर मिळतं की, अधिकाऱ्याची सेवा लांब हवी, म्हणून तरुणच घ्यावे लागतात. युक्तिवाद खोटा नाही. पण अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१४ पासून नेमक्या अशाच साध्या सैनिकांसाठी, त्यांना नोकरीत ठेवूनच, वैद्यकीय पूर्वतयारीचा दोन वर्षांचा कार्यक्रम चालवला आहे. सेवा लांब तिथेही हवीच असते. दुसरं उत्तर असं की, बाहेर एमबीबीएस करून शॉर्ट सर्व्हिस कमिशनने फौजेचा डॉक्टर म्हणून परत यावं. त्याचाही हिशेब मांडू. एमबीबीएसला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. २००४ मध्ये जन्मलेला, २०२८ मध्ये प्रवेश मिळालेला मुलगा २०३४ मध्ये डॉक्टर होतो, आणि नुसत्या एमबीबीएसला शॉर्ट सर्व्हिसची मर्यादा तीस. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर त्याची तीस पूर्ण झालेली असतात. पदव्युत्तर पदवी असेल तर मर्यादा पस्तीसची. म्हणजे आणखी तीन वर्षं, २०३७, वय तेहतीस, तेही मधली एकही परीक्षा न हुकता. आणि पदव्युत्तरची नीट पहिल्या झटक्यात निघणारे किती असतात, ते कुठल्याही इंटर्नला विचारावं.