आधी कारण शोधा

आपल्यापैकी अनेकांची रोजीरोटी जुन्या मोटारसायकलवर चालते. गाडी बंद म्हणजे कामावर खाडा. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या देहूरोडच्या विहारातून आम्ही एका रात्री पुण्याकडे परतत होतो. दिवा लुकलुकू लागला, जळका वास आला. रेग्युलेटरला हात लावताच चटका बसला.

नाना पेठेत नवा भाग सहज मिळतो. पण मूळ दोष तसाच राहिला तर तोही जळतो आणि महिन्याचे किराणाचे पैसे जातात. म्हणून आम्ही आधी मीटर लावला. गाडी जरा रेस केल्यावर बारा व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेले तर बॅटरी उकळते. १३ च्या खाली राहिले तर ती भरत नाही. आमच्या गाडीत सॉकेट वितळले होते, अर्थिंगचा नट गंजला होता. गंजलेल्या सांध्यात विजेला अडथळा होतो, तिथेच उष्णता वाढते. शिवाय जादा वीज जिरवताना रेग्युलेटर तापतोच. त्यावर चिखल बसला की हवा लागत नाही. सॉकेट बदलले, नट घासून आवळला, चिखल काढला. जुनाच रेग्युलेटर चालला.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण विहारापुरती नाही. मुलांच्या, आणि मुलींच्याही, हाती मीटर द्या.