साखळी, खांब, मुका खांब

कराडच्या आमच्या घरात माठावर क्रोशाचा रुमाल असायचा. पांढऱ्या दोऱ्याचा, गोल, कडेला लाल काचमण्यांची ओळ. पाहुण्यांना ते मणी शोभेचे वाटत. खरं तर ते वजन होतं. वाऱ्यानं रुमाल उडू नये, माठाच्या तोंडावर चापून बसावा म्हणून लावलेलं. रेडिओवर चौकोनी रुमाल, देव्हाऱ्यात आसनं, बाहेरच्या दाराला तोरण. हे सगळं एकाच पोलादी सुईतून उतरलेलं होतं. वीतभरसुद्धा लांब नसेल ती सुई. अंगठा टेकतो त्या चपट्या जागेवरचा नंबर आईच्या बोटानं केव्हाच पुसून टाकला होता. ती सुई आता माझ्याकडे आहे आणि चाळीस नंबरच्या बारीक दोऱ्याला मी अजून तीच घेते.

आईनं पुस्तकावरून शिकवलं नाही. तिची भाषा एवढीच: सहा साखळ्या घाल, जोड. आता तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब समज. खांबाशेजारी खांब घालत जा. गोल पुरा झाला की मुका खांब घालून बंद कर. चुकलं की ती सांगत नसे, फक्त दोऱ्याचं टोक धरून ओढायची आणि सर्‌कन सगळं उसवायचं. मला तेव्हा रडू यायचं. पण पुढे लक्षात आलं, की या विणकामात उसवायला क्षण पुरतो म्हणूनच हात धीट होतो. इथे काहीच कायमचं बिघडत नाही.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला विणकाम शिकवणाऱ्या बाई होत्या. कुणीही रुमाल नेऊन दिला की त्या आधी तो उलटा करायच्या. सुलट बाजूकडे नंतर बघत. दोऱ्याची टोकं कुठे ओवली आहेत, गोळा संपला तिथे गाठ मारली आहे की नवा दोरा खांबातून फिरवून घेतला आहे, हे त्या बोटानं चाचपत. माझ्या आयुष्यात कामाची पारख करणारं त्यांच्याइतकं नेमकं माणूस मला नंतर क्वचितच भेटलं.

पुढची वर्षं भराभर गेली. रुखवतात माझ्याच हातचे रुमाल आणि तोरण मांडलं होतं. मग लेकीचा बाळंतविडा, टोपडं, मोजे. मग पतसंस्थेतली नोकरी. तिथे जेवणाच्या सुट्टीत ड्रॉवरमधून सुई निघायची, आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघी-तिघी हळूहळू आपापल्या खुर्च्या ओढून जवळ आणायच्या. तोवर ही विद्या विकायची असते असं कधी मनातही आलं नव्हतं. वस्तू पुरी झाली, धुऊन, किंचित खळ देऊन, टाचण्या लावून वाळवली, आणि जिथे जायची तिथे गेली. काम तिथे संपत असे.

२०२० मध्ये सगळे घरात बसलो तेव्हा लेकीनं इन्स्टाग्रामवर माझ्या कामाचं पान उघडलं. खिडकीजवळच्या उजेडात फोटो कसे काढायचे हे तिनं मला दाखवलं. पहिल्या महिन्यांत नातलगांनी, जुन्या सहकारी मैत्रिणींनी घेतलं. मग ते वर्तुळ संपलं आणि खरी विक्री सुरू झाली, म्हणजे जवळजवळ थांबली.

ती शांतता ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिचं वर्णन करून सांगायला नको. तोरणाच्या फोटोवर बदामांचा पाऊस पडतो. "अप्रतिम", "आजीची आठवण आली", "हात सोन्याचे आहेत". त्यात एखादी विचारते, किंमत काय? आपण लिहितो. ते वाचलं जातं आणि पुढे काही नाही. कधी उत्तर येतंच: असंच तोरण दुसरीकडे दोनशेला मिळतंय. सकाळी चहाच्या आधी फोन उघडावासा वाटतो आणि उघडल्यावर सुईला हात लावावासा वाटत नाही. सगळ्यात वाईट हे, की कालपर्यंत जे तोरण आपल्याला चांगलं वाटत होतं ते तसंच घडी करून ठेवलेलं असतं आणि एकाएकी सामान्य दिसायला लागतं. त्याचा एक टाकाही बदललेला नसतो.

मी या गोष्टीचा खूप विचार केला आहे, आणि त्यासाठी मला सुईकडेच जावं लागलं.

दोन सुयांच्या विणकामात सुईवर एकाच वेळी शंभर-दीडशे टाके उघडे असतात. ओळच्या ओळ तशी रचलेली असते, म्हणून ते यंत्राला जमतं. इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या माणसानं मोजे विणणारं यंत्र १५८९ मध्येच तयार केलं होतं. क्रोशात तसं होत नाही. इथे सुईवर उघडा फेरा एकच असतो. प्रत्येक खांब पुरा करून मगच पुढचा घालायचा, आणि पुढचा कुठे घालायचा, मागच्या ओळीत, दोन खांबांच्या मधल्या जागेत की चार ओळी खाली, हे हातानं त्या त्या वेळी ठरवायचं. त्यामुळे क्रोशासारखं दिसणारं जाळीचं कापड यंत्रावर निघतं, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र बाजारात आजपर्यंत आलेलं नाही. मॉलमध्ये हँगरला टांगलेला खऱ्या क्रोशाचा स्वस्त टॉप दिसला तर तो कुठल्यातरी बाईच्या हातानंच विणलेला असतो. तो स्वस्त कसा झाला, याचं उत्तर तिला मिळालेल्या मजुरीत आहे.

म्हणून मी किमतीचा हिशोब कागदावर मांडला. तीन फुटांचं, मण्यांचं तोरण विणायला सराईत हाताला सोळा तासांच्या आसपास लागतात, म्हणजे दोन दिवस. दोरा आणि मणी अडीचशे रुपयांचे. महाराष्ट्रात रोजगार हमीवर २०२५-२६ साठीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. अंगमेहनतीच्या, शिक्षणाची अट नसलेल्या कामाचा हा दर. तोच धरला तरी दोन दिवसांचे ६२४ आणि सामानाचे २५०, म्हणजे ८७४ रुपये झाले. यात खोका नाही, कुरियर नाही, तीस-चाळीस वर्षांचा सराव नाही. मी तोरणाचे अकराशे सांगते. दोनशे रुपयांत ते देणारी बाई दोरा-मण्यांची किंमतसुद्धा वसूल करत नाही, आणि तरीही ती देते, कारण तिला लहानपणापासून सांगितलेलं असतं की हे काय, रिकाम्या वेळातलं काम.

हे वाक्य किती जुनं आणि किती महाग आहे ते मला आंध्रातल्या नरसापूरबद्दल वाचताना कळलं. गोदावरीच्या मुखाजवळच्या त्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि तिची निर्यात सुरू झाली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या विणकऱ्या बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. घरातलं सगळं आवरून या बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणत होत्या. माल परदेशी जात होता, व्यापार पुरुषांच्या हातात होता, आणि बायकांची मजुरी मात्र किमान वेतनाच्या जवळपासही पोचत नव्हती, कारण घरचेच नव्हे तर त्या स्वतःही म्हणत, आम्ही घरीच बसून असतो. कागदावर त्या कामगार नव्हत्याच. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हाही कितीतरी घरं या आकड्याच्या सुईवर जगली. जगभर या सुईनं चुली पेटत्या ठेवल्या आहेत आणि जगभर तिला विरंगुळा म्हटलं गेलं आहे.

तेव्हापासून मी किंमत उतरवत नाही. कुणी घासाघीस केली तर चिडत नाही, हिशोब पाठवते: तास इतके, दोरा इतका. काही जणी तिथेच थांबतात. काही जणी घेतात. माझ्या एका तोरणाची किंमत उतरली तर ती माझ्यापुरती उतरत नाही. पाच गल्ल्या पलीकडे बसलेल्या, माझ्याहून गरज जास्त असलेल्या बाईची उतरते. हे मनाशी पक्कं झाल्यावर विक्री मंद आहे याचा त्रास अर्ध्यावर आला.

उरलेला अर्धा कसा कमी झाला ते सांगायला जरा वेगळीकडे जावं लागेल. माठाच्या रुमालाची झालर आई कशी विणते हे मी लहानपणी बघत असे. शेवटच्या ओळींत ती दर दोन खांबांमागे एक खांब जास्त घालायची. पहिल्या ओळीला काही कळत नाही. दुसरीला कड किंचित उचलते, तिसऱ्या-चौथीला तिला पसरायला जागाच उरत नाही आणि ती लाटा घेत वरखाली वळायला लागते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या मूळच्या लात्वियाच्या गणितज्ञ बाईंनी नेमकं हेच केलं. ज्या भूमितीत एका रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात, त्या भूमितीचं प्रतल हातात धरून दाखवायचं कसं, हा प्रश्न होता. कागदाचे नमुने फाटत. टायमिनाबाईंनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत ते प्रतल क्रोशानं विणलं आणि ते वर्षानुवर्षं टिकणारं निघालं. विद्यार्थी त्याला घडी घालून त्यावर रेषा पाहू लागले.

हे वाचलं त्या दिवशी मी उठून लगेच विणायला बसले. दर तीन टाक्यांना एक जास्त, मग दर पाचाला एक, मग दर आठाला. प्रत्येकाचं वळण निराळं निघालं. एकाची कोबीसारखी घट्ट चुणी, दुसऱ्याला संथ, रुंद लाटा. ते तुकडे विकायचे नव्हते. त्यांचे फोटोही मी काढले नाहीत. पण हातात जे परतून आलं ते फार मोलाचं होतं. या सुईनं अजून मला सगळं सांगितलेलं नाही, ही जाणीव. तेव्हापासून माझ्याकडे कायम एक काम असं असतं, जे कुणाला दाखवायचं नाही आणि ज्याची किंमत ठरवायची नाही. विक्रीची कामं मंदावली की मी त्याकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी विक्रीच्या तोरणावर हात पुन्हा नेटानं चालतो. हस्तकलेवर पोट असणाऱ्या माझ्या मैत्रिणींनाही मी हेच सांगते. रोजच्या कामातला एक तुकडा बाजाराच्या नजरेपासून बाजूला ठेवा. तो वेळ वाया जात नाही. बाकीचं काम त्याच्याच जोरावर चालतं.

विक्रीला मात्र तिचं वेळापत्रक आहे आणि ते ओळखून घ्यावं लागतं. चैत्र पाडव्याच्या आधी, मग गणपती ते दसरा-दिवाळी, मग लग्नसराईत रुखवताची मागणी. आषाढात पान ओस पडतं. ते पडणारच. माझे आषाढाचे दिवस आता दसऱ्याची तोरणं विणण्याचे आहेत. तेव्हा कुणी विचारत नाही हे बरंच असतं, हात मोकळे राहतात.

आणखी एक गोष्ट मी पुण्याच्या भीमथडी जत्रेत, एका बचत गटाच्या स्टॉलवर बसून शिकले. तिथे येणारी बाई तोरण हातात घेते आणि काही न बोलता उलटं करते. अगदी आमच्या बाईंसारखी. मग ओवलेल्या टोकांवरून बोट फिरवते आणि पर्स उघडते. फोनवर ती बोट कुठून फिरवणार? म्हणून आता मी प्रत्येक वस्तूचा एक फोटो उलट बाजूचाही टाकते. लेकीला आधी ते पटलं नव्हतं, उलट बाजू कोण बघतं, असं ती म्हणाली. पण त्या फोटोखाली येणारे प्रश्न निराळेच असतात. दोरा कुठे बदलला? मर्सराइज्ड आहे का, धुतल्यावर पिवळा पडेल का? अमेरिकेतल्या एका मराठी बाईंनी फक्त उलट बाजू मोठी करून बघितली आणि आपल्या लेकीच्या लग्नासाठी सगळं रुखवत माझ्याकडून विणून घेतलं. त्यांना मी एकही सवलत दिली नाही, त्यांनी मागितलीही नाही.

अशा मागण्या वारंवार येत नाहीत. येतात तेव्हा मी एकटी पुरत नाही म्हणून आता आमचा व्हॉट्सॲपवर एक गट झाला आहे. साताऱ्याची, सांगलीची, फलटणची आणि एक पणजीची. गोव्यातही क्रोशाचं काम जुनं आहे, आणि तिच्या हातची जाळी माझ्याहून बारीक येते. यंदा दसऱ्याआधी आम्ही सगळ्यांनी मिळून एक किमान दर ठरवायचा असं चाललं आहे, म्हणजे त्याखाली कुणीच विकायचं नाही. त्यावर जोरदार वाद आहे. साताऱ्याची म्हणते, फुटावर लावा, गिऱ्हाइकाला समजायला सोपं. पणजीची म्हणते, बारीक दोऱ्याचा फूट आणि जाड दोऱ्याचा फूट सारखा कसा धरणार, वीस नंबर आणि चाळीस नंबर वेगळे ठेवा. मी तासावर अडून बसले आहे. सांगलीची गप्प होती, काल तिनं लिहिलं की तिनं आजवर कधी तास मोजलेच नाहीत, मोजायची भीती वाटते.

तेव्हा असं ठरलं आहे की या रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरी एकच नमुना घ्यायचा, वीस नंबरचा दोरा, एक फूट, अकरा मणी, आणि सुरुवातीला नि शेवटी घड्याळाचा फोटो टाकायचा. मधे भाकरी करायला उठलं तर तेवढा वेळ वजा.