डिसेंबरचे सिडनी, जूनचे सिडनी

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून प्रसिद्ध आहे. धवलशेठने समुद्रात लोटलेला श्रीपाल याच ठाणे बंदराला लागला, ही कथा आपल्या घराघरांत ओळीच्या दिवसांत ऐकली जाते. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेले आहेत. दूरदेशीचा प्रवास या परिसराला नवा नाही. हल्ली येथून सिडनीला जाणारेही पुष्कळ असतात. बरेच जण आधी सहलीला जातात आणि काही वर्षांनी नोकरीसाठी. शहर तेच असते, पण दुसऱ्या खेपेला ते ओळखू येत नाही.

वडिलांचे दुकान कल्याणात, घर डोंबिवलीत आणि स्वतः संगणक क्षेत्रात, असा एखादा तरुण घेऊ. पहिल्यांदा तो नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब जातो. तेथे तेव्हा भर उन्हाळा असतो. सर्क्युलर कीच्या धक्क्यावर उभे राहिले की एका बाजूस १९३२ साली खुला झालेला, ५०३ मीटरची एकच कमान असलेला हार्बर ब्रिज आणि दुसऱ्या बाजूस शिडांसारखी छपरे उभारलेले ऑपेरा हाउस दिसते. त्याचे डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उत्झन सरकारशी मतभेद होऊन १९६६ मध्ये काम अर्धवट सोडून गेले. १९७३ मध्ये वास्तू खुली झाली, पण पूर्ण झालेली ती त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. तेथून अर्ध्या तासात बोट मॅनलीच्या किनाऱ्यास नेते. दुसऱ्या दिवशी आगगाडीने ब्लू माउंटन्स. सूर्यास्त रात्री आठनंतर, त्यामुळे दिवसभर हिंडून, मुक्कामी येऊन, सावकाश स्वयंपाक करूनही चौविहार सहज साधतो. ‘आपल्या लोकांना हे गाव फार सोयीचे’ असे मत घेऊन मंडळी परततात.

नोकरीच्या खेपेस प्रथम कागद बदलतात. पर्यटक व्हिसावर तेथे नोकरी करता येत नाही, त्याचा व्हिसा निराळा. मग घराचा शोध. बंदराकाठची घरे परवडत नाहीत, म्हणून आपली माणसे पश्चिमेकडील पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या उपनगरांकडे वळतात. भाडे महिन्याचे नव्हे, आठवड्याचे सांगतात. त्याला चारने गुणून महिन्याचा हिशेब धरणारा फसतो, कारण वर्षाचे आठवडे ५२ असतात. अनामत जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याइतकी घेता येते आणि ती घरमालकाकडे न राहता सरकारी खात्यात जमा होते. हा नियम आपल्याकडेही यावा, असे ठाण्यातील कोणत्याही भाडेकरूस वाटेल. जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के रक्कम मालकाला निवृत्तिनिधीत भरावी लागते. कायमचा रहिवासी नसलेल्याने देश सोडल्यावर ती परत मागता येते, पण मोठा कर कापून. पगाराचा आकडा ऐकून हुरळण्याआधी एवढा हिशेब मांडून पाहावा.

पॅरामॅटाची गाडी मात्र डोंबिवलीकराला आपलीशी वाटते. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली, कल्याणला ती १८५४ मध्ये पोहोचली. सिडनीहून पॅरामॅटाकडे जाणारी पहिली गाडी त्यानंतर, १८५५ मध्ये सुरू झाली. दुमजली डब्यात खिडकीपाशी बसायला मिळते, याचेच पहिले कित्येक दिवस नवल वाटत राहते. मासिक पास नसतो. चढताना व उतरताना कार्ड टेकवायचे. उतरताना विसरले तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते.

खरी अडचण जूनमध्ये कळते. तेव्हा तेथे हिवाळा असतो आणि सूर्य पाचच्या आतच मावळतो. आपला चातुर्मास याच थंडीत सुरू होतो. कचेरी पाचला सुटणार आणि घर पाऊण-एक तासावर. म्हणजे चौविहार पाळायचा तर सव्वाचारला कचेरीतच डबा उघडणे आले. दुपारचे जेवण होऊन तीन तासही झालेले नसतात. सहकारी कुतूहलाने पाहतात, विचारतात. एकदा नीट सांगितले की बहुधा प्रश्न उरत नाही, पण सांगावे लागते. साडेचारची बैठक पुढे-मागे करून मागावी लागते, आणि नव्या नोकरीत हे शब्द ओठांवर यायला काही आठवडे जातात. काही जण तेवढ्यात नियम सोडून देतात.

फोनचेही तसेच. जूनमध्ये सिडनीचे घड्याळ आपल्या साडेचार तास पुढे असते आणि डिसेंबरमध्ये साडेपाच. कल्याणात रात्री नऊला दुकानाचे शटर खाली येते, तेव्हा तिकडे दीड वाजलेला असतो. सकाळी गिऱ्हाईक, रात्री मुलाची झोप. बोलणे रविवारवर जाते.

वर्ष-दीड वर्षाने आईवडील येतात, तेही डिसेंबरातच, कारण तिकडची थंडी त्यांना सोसवणार नाही असे मुलानेच कळवलेले असते. मुलगा सुट्टी काढून त्यांना सर्क्युलर कीला नेतो. तो स्वतःही कित्येक महिन्यांनी तेथे येत असतो. मॅनलीची बोट, पूल, छायाचित्रे सारे होते. घरी पोहोचून सातला पाने मांडली जातात. खिडकीतून ऊन आत आलेले असते. वडील घड्याळाकडे पाहतात आणि म्हणतात, “इथे तर काहीच अडचण नाही रे!”

मुलगा त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढतो.