कुहीचे स्थळ

मुलीसाठी स्थळ पाहायला जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. घरातील दोन-चार जाणती माणसे सकाळी निघतात, पाहुणचार घेतात, अंगण, पाण्याची सोय, घरच्यांचे आपसांतील बोलणे हे सारे गुपचूप न्याहाळतात आणि परतीच्या वाटेवर खरे मत सांगतात. गेल्या पौषात आम्ही असेच एक स्थळ पाहायला नागपूरहून कुहीला गेलो. पौषात स्थळे पाहत नाहीत, असे सासूबाईंनी बजावले होते. पण जिच्यासाठी निघालो तिला पंचांगाचे बंधन नव्हते. ती गाडीत माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. नाव रेवडी, वय सुमारे सात महिने, जात गावठी, मागचा उजवा पाय किंचित वाकडा.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात इतवारीतील धान्यबाजाराजवळ एका दुचाकीने तिला उडवले होते. प्राण्यांसाठी विनामूल्य काम करणाऱ्या तरुण स्वयंसेवकांनी तिला दवाखान्यात नेले, पायाला प्लास्टर घातले. मात्र त्यांच्या निवाऱ्यात जागा नव्हती. शिवाय लहान पिल्लाला अनेक आजारी कुत्र्यांमध्ये ठेवले, तर मोडलेल्या पायातून वाचलेले पिल्लू संसर्गाने दगावते. अशा वेळी ते एखाद्या कुटुंबाला काही दिवसांच्या सांभाळासाठी विनंती करतात. याला ते ‘फोस्टर’ म्हणतात. दत्तक म्हणजे जन्माची जबाबदारी. फोस्टर म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंतचा मुक्काम. आमच्याकडे त्यांनी दोन आठवडे मागितले होते. झाले तीन महिने.

पहिला विरोध सासूबाईंचा होता आणि तो निराधार नव्हता. “श्रावकाने हिंस्र जनावर पोसू नये, हे तुला ठाऊक नाही का सूनबाई? आणि ते खाणार काय?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “आई, पोसायला नाही आणली. आजारी पाहुणी आहे.” उत्तर त्यांना पटले नसते, पण नातीने मध्येच विचारले, “आजी, जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो यक्ष झाला, ही गोष्ट तूच सांगितलीस ना?” सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “जिन्याखाली ठेवा. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही.”

खाण्याचा प्रश्न पशुवैद्यांनी सोडवला. कुत्र्याला शाकाहारावर ठेवता येते, पण नुसत्या दूध-पोळीवर नव्हे. वरण, दही, पनीर यांचे प्रमाण सांभाळावे लागते, वजन आणि रक्त तपासत राहावे लागते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. एका बाबतीत मात्र आमच्या घरावर ते खूश झाले. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात. बहुतेक घरांत त्याबद्दल ताकीद द्यावी लागते, आमच्याकडे ती द्यावी लागली नाही. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा प्रथमच सैल झाला. पुढे सूर्यास्तापूर्वी आमची ताटे वाढताना रेवडीचा दहीभातही जिन्याखाली जाऊ लागला. तिचाही चौविहार सुरू झाला, असे नात म्हणे.

आपल्या समाजाला पांजरपोळ नवी नाही. १८३२ मध्ये मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली होती आणि त्यात पारशी बांधव पुढे होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. आज पांजरपोळ म्हटले की गाय डोळ्यांपुढे येते. पण त्या संस्थेच्या जन्मामागे रस्त्यावरचे कुत्रे होते. तेव्हापासून आपण पावती फाडून जीवदया करत आलो आहोत आणि त्या पावत्यांवर लाखो जीव जगले आहेत. तरीही घरात एक जीव आल्यावर मला कळले, की देणगी देताना कोणताही प्रश्न विचारावा लागत नाही. रेवडीच्या बाबतीत मात्र रोज एक प्रश्न उभा राहत होता. शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न तिला कोणाच्या हाती द्यायचे, हा होता.

तिला मागणी लवकर आली नाही. कुत्री मादी असली की लोक मागे सरतात, पाय अधू असला की आणखी मागे. दोघांनी छायाचित्र पाहून विचारणा केली आणि ‘मादी’ हा शब्द ऐकताच फोन ठेवला. डिसेंबरात तिची नसबंदी झाली, लसी पूर्ण झाल्या. तेव्हा कुही तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचा निरोप आला. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय प्राणी द्यायचा नाही, हा स्वयंसेवकांचा नियम. म्हणून मी, गाडी चालवणारा एक स्वयंसेवक आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी असे तिघे रविवारी सकाळी निघालो.

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कुही आहे. माझ्या लहानपणी इतवारीहून नागभीडकडे जाणारी छोटी रेल्वे कुहीवरून जात असे. शेतकरी, शिक्षक, भाजीवाल्या आणि त्यांच्या टोपल्या घेऊन ती सावकाश धावायची. रुंद मार्गाच्या कामासाठी २०१९ मध्ये ती थांबली. आम्ही दिघोरी ओलांडून उमरेड रस्त्याने गेलो आणि पुढे कुहीकडे वळलो. वळणानंतर शहर एकदम मागे पडते. दोन्ही बाजूंना तुरीची शेते, मधून हरभरा, कोठे वाळत घातलेल्या मिरचीचे लाल पट्टे. कुही-मांढळचा हा पट्टा मिरचीचा. हंगामात मिरचीच्या सातऱ्यांवर शेकडो बाया देठ खुडत बसलेल्या असतात. हात रात्रभर जळतात, पण तीच अनेक घरांची रोकड मजुरी आहे.

आम्हाला जायचे होते ते घर पुनर्वसित गावठाणात होते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते झाले आणि त्याच्या पाण्याखाली पुढे वैनगंगाकाठची अनेक गावे गेली. त्यांत कुही तालुक्यातीलही होती. नव्या गावठाणात रस्ते सरळ आणि एकमेकांना काटकोनात आहेत. झाडे अजून लहान आहेत. जुन्या गावाच्या गल्ल्या असतात तशी एकही वाकडी गल्ली तेथे दिसत नाही.

घर नीटनेटके होते. पुढे सपरी, बाजूला सिमेंटची टाकी, अंगणात चूल. घरात भाऊ, त्यांची पत्नी, शाळेत जाणारा मुलगा आणि आजी. चहा झाला. रेवडी माझ्या पायामागे दडून सारे हुंगत होती. मुलगा तिच्याकडे धावला नाही. दूर उकिडवा बसून हात पुढे करून वाट पाहत राहिला. मला हे आवडले.

मग विद्यार्थिनीने तिची यादी काढली. कुत्री रात्री कोठे झोपेल? भाऊ सरळ म्हणाले, “वावरात. डुक्कर लई नुकसान करते. राती तिथंच बांधून ठेवू, म्हनजे भुंकंल.”

मला वाटले, संपले. त्यांचे शेत जंगलाच्या बाजूला होते. उमरेड, कुही, भिवापूर आणि पवनी अशा चार तालुक्यांत पसरलेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य येथून दूर नाही. विद्यार्थिनीने न रागावता समजावले. नगर जिल्ह्यातील अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. मोकळे कुत्रे निदान पळू शकते. साखळीला बांधलेले आणि त्यातही अधू पायाचे कुत्रे बिबट्याला आयते भक्ष्य आहे. दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मलाही नवी होती. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग वाघ-सिंहांनाही होतो; २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा याच विषाणूचे नाव पुढे आले. म्हणून जंगलकाठच्या गावात कुत्र्याची लस चुकवणे म्हणजे जंगलाचीही हेळसांड करणे होय.

भाऊ ऐकत होते. ते लबाड नव्हते. डुकराने उकरलेले हरभऱ्याचे वाफे त्यांनी आम्हाला येतानाच दाखवले होते. त्यांना राखण हवी होती आणि आम्ही राखणीसाठी कुत्री देत नव्हतो. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आजींनी विचारले, “वावराले तार लावाची का नाई, ते तुमी पाहा. हे पोर घरी ठेवाले काय हरकत हाये? माह्यापाशी झोपंल सपरीत.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाई, हिले नवीन घराची सवय व्हाले किती दिस लागते?”

“पंधरा दिवस, कधी महिना,” मी म्हटले.

“मग हुशार हाये. गाव सोडून इथं आलो, तवा मले दोन वर्सं झोप नाई लागली.”

करार झाला. रात्री साखळी नाही, शेतात मुक्काम नाही, रेबीजची लस दरवर्षी, आणि जमले नाही तर कोणा तिसऱ्याला न देता आम्हालाच परत. भाऊंनी अर्जावर सही केली. मुलानेही हट्टाने खाली आपले नाव लिहिले.

हा कागद काही जणांना अनावश्यक वाटेल. पण दत्तक हा शब्द आता भावनेपुरता उरलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले होते, की मोकाट कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इच्छुकांना महापालिकेकडे दत्तकासाठी अर्ज करण्याची मुभा दिली आणि दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदारावर टाकली. मुले आणि वृद्ध कुत्र्यांच्या चाव्याने जायबंदी होतात, हेही तितकेच खरे आहे. कुत्र्यावर दया आणि शेजाऱ्याच्या मुलाची काळजी या दोन्ही गोष्टी नसबंदी, लस आणि पाहिलेले घर यांनीच एकत्र साधतात.

स्वयंसेवकांचा आणखी एक नियम असतो. प्राणी सोपवल्यावर काही तास दूर जायचे आणि एकदा पाहून मगच परतायचे. म्हणून आम्ही वेलतूरमार्गे अंभोऱ्याला गेलो. तेथे वैनगंगेला कन्हान, आंब, मुरझा आणि कोलारी या नद्या मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ हा मराठीतील आद्य ग्रंथ येथे रचला, अशी श्रद्धा या भागात आहे. अलीकडे तेथे तारांवर तोललेला भव्य पूल झाला आहे आणि रविवारी त्यावर गर्दी असते. पुलावरून पाणी समुद्रासारखे दिसते. लोक छायाचित्रे काढत होते. त्या पाण्याखाली कोणाची तरी विहीर, कोणाचे तरी अंगण आहे, हे मला आजींना भेटल्यानंतरच सुचले. आधी आले असते तर मीही नुसते छायाचित्र काढले असते.

चार वाजता परत गेलो. रेवडी सपरीत आजींच्या खाटेखाली पडून होती. भाताची वाटी तशीच भरलेली. विद्यार्थिनी म्हणाली, “काकू, तुम्ही उतरू नका. तिला तुमचा आवाज ऐकू आला तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करील.” मी गाडीतच बसले. काच वर होती. आजी वाकून खाटेखाली काहीतरी बोलत होत्या. एक शेपूट दोनदा हलली आणि थांबली. तीन महिने ज्या क्षणासाठी तिला वाढवले तो आला होता, आणि मला तो नको होता. जिन्याखालचे अंथरूण, दहीभात, डॉक्टरांच्या खेपा हे सारे सोपे होते. सांभाळाची खरी परीक्षा त्या गाडीत न उतरता बसण्यात होती.

परतीच्या वाटेवर, रिवाजाप्रमाणे, खरे मत सांगण्याची वेळ आली. स्वयंसेवक म्हणाला, “स्थळ चांगले आहे.” विद्यार्थिनी म्हणाली, “आजी चांगल्या आहेत.” मी काही बोलले नाही.

घरी पोहोचेपर्यंत सूर्यास्त झाला होता. सासूबाईंनी काही विचारले नाही. पण जिन्याखालची वाटी घासून पालथी ठेवलेली दिसली. तिसऱ्या दिवशी कुहीहून मुलाचा फोन आला. रेवडीने ताक-भात खाल्ला होता आणि आजींची एक चप्पल कुरतडली होती. मी ते सासूबाईंना सांगितले.

“बरे झाले,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, माळ हातात घेता घेता त्यांनी विचारले, “त्या मुलांच्या निवाऱ्यात आता जागा झाली असेल का ग?”

“नसेल, आई.”

“मग वाटी पालथी कशाला ठेवलीस?” त्या म्हणाल्या. वाटी त्यांनीच ठेवली होती, हे मी त्यांना सांगितले नाही.